लिलाव म्हणजे जतन नव्हे

सन २०१५ च्या अखेरीस अमेरिकेतील बेव्हर्ली हिल्स येथे एका लिलावसंस्थेने महिन्याभराच्या अंतराने दोन वस्तू विकल्या. दोन्ही वस्तू 'बीटल्स' या इंग्लिश वाद्यवृंदातील ढोलवादक रिंगो स्टार यांच्याशी निगडित होत्या. नोव्हेंबरमध्ये विकले गेले ते बेस ड्रमचे दर्शनी पान. पान म्हणजे ढोलाच्या तोंडावर ताणून बसवलेला पडदा. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यू यॉर्कमध्ये एड सुलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात हे चौघे प्रथमच अमेरिकन प्रेक्षकांपुढे उभे राहिले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला, आणि त्या सर्वांच्या डोळ्यांसमोर वाद्यवृंदाचे नाव रंगवलेले हेच पान होते. डिसेंबरमध्ये विकला गेला तो लुडविग कंपनीचा त्यांचा पहिला ढोलसंच. मे १९६३ ते फेब्रुवारी १९६४ या काळात तो दोनशेहून अधिक कार्यक्रमांत वाजला, असे लिलावसंस्थेने नमूद केले होते. पानाला २१ लाख डॉलरांच्या वर किंमत आली. संचालाही २१ लाख डॉलरांच्या वरच आली.

सुज्ञ वाचकांनी या दोन आकड्यांपाशी क्षणभर थांबावे. ज्या संचावर एका माणसाने नऊ-दहा महिने रात्रीमागून रात्री घाम गाळला, त्याचे मोल आणि ज्या पानावर कधी टोलाही पडत नाही, त्याचे मोल बाजाराने एकाच पारड्यात तोलले. बेस ड्रमवर पायाने चालणारा ठोकळा आपटतो तो वादकाच्या बाजूच्या पानावर. प्रेक्षकांकडच्या पानाचे मुख्य काम नाव मिरवण्याचे. हे नाव १९६३ साली लंडनमधील एका वाद्यविक्रेत्याच्या दुकानात आखले गेले आणि एका पाटीरंगाऱ्याने ते रंगवले. या कामाचे पाच पौंड आकारले गेले, असे सांगतात. त्याच डिसेंबरच्या लिलावात रिंगो यांच्याकडील एक ध्वनिमुद्रिका ७,९०,००० डॉलरांना गेली. त्याच गाण्यांच्या लाखो प्रती जगभर घरोघरी आहेत. हिच्या वेष्टनावर मात्र पहिला क्रमांक छापलेला होता, आणि ती पस्तीसहून अधिक वर्षे लंडनच्या एका बँकेच्या तिजोरीत पडून होती. बाजार नाव विकत घेतो, क्रमांक विकत घेतो. काम विकत घ्यावे हे त्याला सुचत नाही.

वस्तू महागड्या किमतीला विकली गेली म्हणजे ती सुरक्षित झाली, या गैरसमजाला माझा विरोध आहे. ढोलवादकाची वाद्ये आणि त्याचे रंगमंचावरील कपडे जपायला हवेत, आवर्जून जपायला हवेत. पण ते लिलावाच्या हातोड्याखाली जपले जाणार नाहीत. ती जबाबदारी सार्वजनिक संग्रहालयांची आहे, आणि त्यांनी ती आजवर अर्धवटच उचलली आहे.

ढोलवादकाचीच एवढी तरफदारी कशासाठी, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. गीतकाराचे हस्तलिखित उरते, संगीतकाराची स्वरलिपी उरते, गायकाचा आवाज त्याच्या नावानिशी लोकांच्या ओठांवर राहतो. बीटल्सच्या काही गीतांची मूळ हस्तलिखिते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत; लेखक हंटर डेव्हिस यांनी २०१३ साली ती राष्ट्राला कायमची देऊन टाकली. ढोलवादकाने मात्र कागदावर काही लिहिलेले नसते. गाण्याच्या आधारशिलेसारखे त्याचे काम असते, आणि आधारशिलेप्रमाणेच ते दिसत नाही. या चौघांपैकी लेनन यांना एकल कलावंत म्हणून अमेरिकेच्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' मध्ये १९९४ साली स्थान मिळाले, मॅकार्टनी यांना १९९९ साली, हॅरिसन यांना २००४ साली. रिंगो यांची पाळी सर्वांत शेवटी, २०१५ साली आली. मागे बसणाऱ्याच्या वाट्याला मानही मागाहूनच येतो.

अशा माणसाचे हस्तलिखित म्हणजे त्याचे वाद्य. ते वाचायला डोळे हवेत, इतकेच. रिंगो हे डावखुरे. पण त्यांचा संच उजव्या हाताने वाजवणाऱ्यासाठी मांडलेला. त्यामुळे एका ढोलावरून दुसऱ्या ढोलावर जाताना त्यांचा हात इतरांसारखा सरळ वळत नसे, आणि त्यातूनच त्यांच्या वादनाची ती किंचित अडखळल्यासारखी वाटणारी, पण कोणालाही हुबेहूब साधत नसलेली लकब निर्माण झाली. हे रहस्य ध्वनिमुद्रिकेवर ऐकू येते; त्याचा उलगडा मात्र संचाच्या मांडणीतच होतो. कोणता ढोल किती उंचीवर आणि किती तिरका बसवला होता, खोडाच्या कडेला काठीचे घाव कोणत्या बाजूला अधिक आहेत, हे सारे त्या अलिखित ग्रंथाचे शब्द आहेत. पाने बदलली, आवरण घासून चकचकीत केले की त्या ग्रंथाची पृष्ठेच फाडली जातात.

हाच न्याय कपड्यांना. १९६३ साली लंडनच्या सोहो भागातील डग्लस मिलिंग्ज या शिंप्याने या चौघांसाठी बिनकॉलरचे कोट शिवले. १९६७ साली 'सार्जंट पेपर' या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठासाठी बर्मन या नाटकांच्या पोशाखांच्या कारखान्याने झगझगीत साटिनचे लष्करी थाटाचे पोशाख तयार केले. त्यांतील गुलाबी रिंगो यांचा. पुष्कळांना वाटते, कपडे म्हणजे केवळ दिखावा. ढोलवादकाच्या बाबतीत हे मुळीच खरे नाही. तो दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी चालवतो. बाही किती घट्ट आहे, कोटाचा काखेतला कापा कसा आहे, जोड्याचा तळवा कसा आहे, यावर त्याची हालचाल ठरते. शिवणीतला ताण आणि पाठीवरचा घामाचा डाग ही त्याच्या श्रमाची नोंदवही असते.

कापड आणि वाद्य यांचे नाते किती जवळचे असते, याचे एक उदाहरण संगीताच्या इतिहासात नमूद आहे. १९६६ साली लंडनमधील ई.एम.आय. च्या ध्वनिमुद्रणगृहात जेफ एमेरिक हे तरुण तंत्रज्ञ काम करीत होते. बेस ड्रमचा नाद फार घुमत होता. त्यांनी चार गळ्यांचा एक लोकरी स्वेटर, जो या चौघांनी एका छायाचित्रापुरता एकत्र घातला होता, तो उचलून ड्रमच्या पोटात कोंबला आणि तेथील नियमाला न जुमानता ध्वनिग्राहक अगदी जवळ आणून ठेवला. त्यातून जो घट्ट, छातीवर आदळणारा ठोका निघाला, त्याने पुढच्या कित्येक वर्षांच्या ध्वनिमुद्रणाची रीत बदलली. पुढे १९६८-६९ च्या सुमारास रिंगो हे ढोलांच्या पानांवर चहाची भांडी पुसण्याची साधी फडकी पसरून वाजवू लागले. त्या काळातील त्यांच्या ढोलाचा मऊ, दबलेला नाद ज्यांनी ऐकला असेल, त्यांनी त्या फडक्यांचाच नाद ऐकला आहे.

आता सांगा, स्वेटर हे वस्त्र की वाद्य? फडके ही स्वयंपाकघरातली वस्तू की संगीताचे साधन? लिलावाच्या यादीत झगमगता पोशाख एका क्रमांकाखाली जातो, ढोल दुसऱ्या क्रमांकाखाली, काठ्या तिसऱ्या. एक जातो एका गावाला, दुसरा दुसऱ्या खंडाला. आणि मळके फडके? त्यावर बोली कोण लावणार? ज्या वस्तूंचा अर्थ एकमेकींच्या सान्निध्यातच कळतो, त्यांची ताटातूट करणे म्हणजे एखाद्या पत्राचे तुकडे करून प्रत्येक वारसाला एकेक शब्द वाटून देण्यासारखे आहे. २०१५ साली विकला गेलेला तो संच यादीत 'तीन ढोलांचा संच' म्हणून नोंदलेला होता. रिंगो यांनी पुढे ढोलसंच अनेकदा बदलले. पण त्या संचाबरोबर आलेला लहानसा स्नेअर ड्रम त्यांनी वर्षानुवर्षे बदलला नाही. ढोलवादकाचा हात सर्वाधिक वेळ जिथे पडतो तो हा ड्रम. त्याला वगळून कोणताही संच पूर्ण होत नाही.

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात. ते मी टाळणार नाही.

पहिला आक्षेप आपल्याच माणसांचा. एका पाश्चात्त्य गाणाऱ्या-बजावणाऱ्याचे कपडे काचेच्या पेटीत ठेवायचे, ही मूर्तिपूजा नव्हे काय, असे ते विचारतात. आक्षेपामागची तळमळ मला समजते. परंतु, बंधुभगिनींनो, वस्तूंमधून माणसाची आठवण जपण्याची रीत जिथे शतकानुशतके चालत आली आहे, त्या ख्रिस्तसभेच्या लेकरांनी तरी ही रीत हसण्यावारी नेऊ नये. ढोलवादक संत नव्हे आणि त्याचा ढोल पवित्र अवशेष नव्हे. ही गल्लत कोणीही करू नये. तरी दीर्घ अनुभवातून आलेले एक शहाणपण येथे घेण्यासारखे आहे. पवित्र अवशेष विकणे ख्रिस्तसभेच्या कायद्याने, १११० नव्हे तर ११९० क्रमांकाच्या कलमाने, स्पष्टपणे निषिद्ध ठरवले आहे. आठवणीचा बाजार मांडला की आठवण मागे पडते आणि बाजार उरतो, हे त्या कलमामागचे मर्म आहे. मूर्तिपूजेचेच म्हणाल, तर ती काचेच्या पेटीपाशी घडत नाही. लाकूड, पितळ आणि घामाचा डाग पाहून 'हे माणसाच्या हातचे काम आहे' असे जो म्हणतो, तो मूर्तिपूजक नव्हे. नाव रंगवलेल्या पानापुढे एकवीस लाख डॉलर ओततो, त्याची तपासणी आधी करावी.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. ते म्हणतात, धनिक संग्राहक वस्तूंची काळजी सरकारपेक्षा चांगली घेतात. यात तथ्य आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. ते पान आणि तो संच, दोन्ही अमेरिकन उद्योगपती जिम इर्से यांनी घेतले होते. त्यांनी आपला संग्रह तिजोरीत डांबला नाही. २०२१ पासून अमेरिकेतील अनेक शहरांत त्यांनी तो लोकांना विनामूल्य दाखवला. अशा उदारतेला नमस्कारच करावा. परंतु मे २०२५ मध्ये इर्से निवर्तले, आणि त्याच दिवशी त्या सर्व वस्तूंचे भवितव्य वारसांच्या मर्जीवर गेले. दोष त्यांचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. एका माणसाची उदारता त्याच्या आयुष्याएवढीच टिकते. संग्रहालय पिढ्या ओलांडते.

याहून बोलके उदाहरण २०२३ सालचे. 'क्वीन' या वाद्यवृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी हे काही ढोलवादक नव्हेत. पण त्यांचे बालपणीचे शिक्षण आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि पहिला वाद्यवृंदही त्यांनी तिथल्याच मित्रांसोबत उभारला. म्हणून त्यांच्या वस्तूंची वाट काय लागली, हे महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊक असावे. लंडनच्या सदबीज या लिलावसंस्थेने त्यांच्या घरातील वस्तू महिनाभर विनामूल्य प्रदर्शनात मांडल्या. १,४०,००० हून अधिक माणसे रांगा लावून पाहून गेली. त्यानंतर काही दिवसांत तो संसार उधळला गेला. त्यांचा पियानो १७ लाख पौंडांच्या वर गेला. अखेरच्या दौऱ्यात घातलेला मुकुट आणि झगा ६,३५,००० पौंडांना. एकूण बेरीज ४ कोटी पौंडांच्या घरात पोहोचली. दीड लाखाच्या आसपास माणसे जे एकत्र पाहू शकली, ते तसे एकत्र पुन्हा कोणालाच पाहता येणार नाही. रांगेतल्या त्या माणसांनी आपल्या पायांनी एक मत नोंदवले होते. हातोड्याने ते मोजलेच नाही.

तिसरा आक्षेप बुद्धिवाद्यांचा. ध्वनिमुद्रिका आहेत, चित्रफिती आहेत. मग ही लाकडे आणि चिंध्या हव्यात कशाला? या प्रश्नाचे उत्तर खुद्द ढोलवादकांनीच दिले आहे. 'रोलिंग स्टोन्स' चे चार्ली वॉट्स, जे २०२१ साली निवर्तले, ते आपल्या आधीच्या पिढीतील जॅझ ढोलवादकांचे संच शोधून शोधून मिळवीत. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातील सनी ग्रीअर यांचा संच त्यांच्यापाशी होता. ध्वनिमुद्रिका त्यांना काय दुर्मीळ होत्या? पण नाद कानाने ऐकणे वेगळे आणि तो नाद कशातून, किती जड लाकडातून, किती अंतरावरून काढला हे डोळ्यांनी पाहणे वेगळे, हे त्या कारागिराला कळत होते. 'द हू' या वाद्यवृंदाचे कीथ मून यांचे उदाहरण तर याहून विलक्षण. हा माणूस कार्यक्रमाच्या शेवटी आपलेच ढोल लाथाडून पाडीत असे; १९६७ साली दूरचित्रवाणीवर त्याने बेस ड्रममध्ये स्फोट घडवून आणला होता. १९७८ साली वयाच्या ३२ व्या वर्षी तो गेला. २००४ साली त्याचा एक संच लंडनमध्ये सुमारे १,२०,००० पौंडांना विकला गेला. मोडण्यासाठीच जणू वापरलेल्या वाद्यातून जे वाचले, ते पाहिल्यावाचून त्या वादनातील बेभानपणा आणि त्यामागची शोकांतिका कोणती ध्वनिमुद्रिका सांगू शकेल?

संग्रहालयांना हे अगदीच कळत नाही, असेही नव्हे. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १७२० साली क्रिस्टोफोरी यांनी बनवलेला पियानो आहे. त्याच संग्रहालयाने २०१९ साली एप्रिल ते ऑक्टोबर रॉक संगीताच्या वाद्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्याआधी २०१० मध्ये रिंगो यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त, लुडविग कंपनीने १९६४ साली त्यांना भेट दिलेला सोन्याचा मुलामा असलेला ड्रम तिथे ठेवला गेला. लॉस एंजेलिसच्या ग्रॅमी संग्रहालयाने २०१३ साली त्यांचे ढोल आणि तो गुलाबी पोशाख एका छताखाली आणले. हे सारे स्तुत्य आहे. पण यांतील बहुतेक वस्तू उसन्या आणलेल्या होत्या. मुदत संपली की आल्या वाटेने गेल्या. आणि सोन्याचा ड्रम मानाने मिरवणे सोपे असते. झिजलेल्या ड्रमला कायमचा निवारा देणे हे खरे काम, कारण त्याला पैसा लागतो आणि चिकाटीही.

ते काम काय असते, हेही स्पष्ट सांगायला हवे. रंगीत वस्त्र प्रखर उजेडात फिके पडते. म्हणून संग्रहालयात कापडावरील प्रकाश ५० लक्सच्या आत ठेवतात. साटिनचा कोट साध्या तारेच्या खुंटीवर टांगला तर स्वतःच्या भारानेच खांद्यात फाटतो. त्याला गादी लावलेला आधार आणि आम्लरहित कागद लागतो. ढोलाच्या पायांची रबरी बूचे कालांतराने चिकट होतात, पेट्यांतला फोम भुगा होऊन पडतो, उघड्या हाताचा घाम धातूवर गंजाचे ठसे उमटवतो. कपड्यावरील घामाचा डाग धुवावा की ठेवावा, हा तर जतनतज्ज्ञांपुढील खरा पेच आहे. डाग धाग्याला खातो. धुतला तर पुरावा जातो. असा निर्णय तज्ज्ञांनी विचारविनिमय करून, लेखी नोंद ठेवून घ्यायचा असतो. पुढच्या लिलावात भाव वाढावा म्हणून वस्तू चकाचक करणाऱ्याच्या हाती तो सोपवायचा नसतो.

म्हणून माझी मागणी तीन गोष्टींची आहे. वाद्ये आणि वस्त्रे एकत्र राहावीत, फडक्या-स्वेटरांसकट. त्यांवरील श्रमाच्या खुणा पुसल्या जाऊ नयेत. वाजवून पाहायचे असेल तर मोजमापे घेऊन प्रतिकृती बनवावी. आणि ती सर्वांना पाहता येतील अशा ठिकाणी, कोणाच्याही मृत्यूने दार बंद होणार नाही अशा संस्थेत असावीत.

हे अशक्य नाही. इंग्लंडमध्ये २०१३ पासून सांस्कृतिक देणगीची योजना आहे. मोलाची वस्तू हयातीतच राष्ट्राला देणाऱ्या व्यक्तीला त्या वस्तूच्या किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत करसवलत मिळते. हंटर डेव्हिस यांनी दिलेली हस्तलिखिते या योजनेखालील पहिलीच देणगी होती. शब्द लिहिणाऱ्याच्या कागदांसाठी जो मार्ग मोकळा झाला, तो ठेका धरणाऱ्याच्या ढोलासाठी बंद असण्याचे काही कारण नाही. मालकाला आपली वस्तू विकण्याचा हक्क आहे, तो मी नाकारीत नाही. रिंगो यांनी त्या विक्रीतील काही रक्कम आपल्या धर्मादाय संस्थेला दिली, हेही येथे नोंदवतो. पण मालकापुढे दुसरी सन्मानाची वाट ठेवणे हे समाजाचे काम आहे, आणि समाजाने ते केले नाही तर हातोडा पडणारच.

रिचर्ड स्टार्की, म्हणजे पुढचे रिंगो, हे लिव्हरपूलच्या डिंगल या गरीब वस्तीतले आजारी पोर होते. क्षयामुळे दीर्घकाळ रुग्णालयात असताना खाटेशेजारच्या कपाटावर दोऱ्याच्या रिळाने ठोके देत ते ढोल शिकले. १९५७ च्या नाताळात त्यांच्या सावत्र वडिलांनी त्यांना दहा पौंडांचा जुना संच आणून दिला. त्या दिवशी त्या संचाला बाजारात भाव नव्हता. एका घराने आपल्या मुलावर टाकलेला विश्वास तेवढा त्यात होता. अशा घरांतली, अशा खाटांवरची मुले आजही आहेत. त्यांतील एखादे कधी संग्रहालयाच्या काचेपुढे उभे राहून झिजलेला ढोल आणि घामाने डागळलेला कोट पाहील आणि म्हणेल, हे तर माझ्यासारख्याच्या हातचे आहे. त्या मुलाकडे एकवीस लाख डॉलर नसतील. त्याला तो ढोल पाहता यावा, याची तजवीज आपण मोठ्यांनी करायची आहे.